परदेशी जाण्याआधी प्रवेशाच्या अटी, लशी आणि सुरक्षा: कुठे तपासायचं, कोणत्या क्रमाने?

खिडकीची_सीट

प्रवासाला बरोबर ७ आठवडे आहेत. आखणी अशी: अदिस अबाबाला विमान बदलून नैरोबी, केनियात ९ दिवस, तिथून नमांगाच्या नाक्यावरून रस्त्याने टांझानिया, शेवटचे ४ दिवस झांझिबार आणि परतताना दुबईत २ दिवस मुक्काम. माणसं तीन: आई, तिचं ७ वर्षांचं मूल आणि ६८ वर्षांचे आजोबा. आजोबांना रक्तदाबाच्या गोळ्या रोज, आणि गुडघ्यासाठी अधूनमधून ट्रामाडॉल.

वाचायला बसलं की जिथे तिथे वेगळंच लिहिलेलं. पीतज्वराची (यलो फीवरची) लस केनियाला सक्तीची नाही असं एकीकडे, तिच्याशिवाय पुढे सोडत नाहीत असं दुसरीकडे. एक सरकार म्हणतं जपून जा, दुसरं म्हणतं काही भागांत पाऊलही ठेवू नका. भरवसा कशावर ठेवायचा आणि सुरुवात कुठून करायची?

---

शिक्कामोर्तब

वेगवेगळं वाचायला मिळतं कारण प्रश्नच अर्धा विचारलेला असतो. "केनियाला काय लागतं?" याला एक उत्तर नाहीच. पासपोर्ट कोणत्या देशाचा, येणार कुठून आणि वाटेत थांबणार कुठे, तारखा कोणत्या, एवढं सांगितलं की मगच नियम लागू करता येतो.

म्हणून आधी कागदावर प्रत्येक सीमेची एक ओळ काढा. तुमच्या बाबतीत सहा ओळी होतात: अदिस अबाबा (फक्त विमान बदल), नैरोबी, नमांगा, झांझिबार, दुबई आणि परत आपल्या देशात प्रवेश. ही शेवटची ओळ बहुतेक जण काढतच नाहीत, आणि पीतज्वराच्या लशीच्या कार्डाचा, म्हणजे दाखल्याचा, घोळ नेमका तिथेच होतो.

प्रत्येक ओळीसाठी तीन ठिकाणं बघा. त्या देशाचं इमिग्रेशन खातं किंवा दूतावास, आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं त्या देशावरचं पान, आणि टिमॅटिक. टिमॅटिक म्हणजे आयाटाचा, विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा, माहितीसंच. चेक-इन काउंटरवरचा माणूस कागदपत्रं चालतील का हे त्यातच बघतो. बऱ्याच विमान कंपन्या आपल्या संकेतस्थळावर त्याचा शोध फुकट देतात: नागरिकत्व, मार्ग आणि तारखा भरायच्या. पलीकडच्या देशाने प्रवाशाला परत पाठवलं तर त्याला माघारी आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, वर बहुतेक ठिकाणी दंडही. त्यामुळे शंका आली की ते चढूच देत नाहीत. खरी पहिली सीमा काउंटरवरच असते म्हणा ना. दूतावासाचं म्हणणं आणि टिमॅटिक जुळत नसेल तर विमान कंपनीला आठवडाभर आधी लेखी विचारा आणि उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. काउंटरवर मागे रांग लागलेली असताना वाद घालून हाती काही लागत नाही.

आता नेहमी चुकतात त्या गोष्टी.

पासपोर्टची मुदत. "६ महिने" हा सरसकट नियम नाही. केनिया आगमनाच्या तारखेपासून ६ महिने मागतो, न्यूझीलंड निघण्याच्या तारखेनंतर ३ महिने, दक्षिण आफ्रिका निघण्यानंतर ३० दिवस. कुठून मोजायचं, आगमनापासून की निघण्यापासून, हे वाक्य नीट वाचा. तुमच्या मार्गावर सगळ्यात कडक अट कोणाची आहे ती धरा आणि परतीच्या तारखेपासून ६ महिने मोजा, म्हणजे प्रश्नच उरत नाही. मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांपेक्षा कमी असते, तेव्हा मुलाचा पासपोर्ट आधी उघडा. कोरी पानं मोजताना शेवटची, शेऱ्यांसाठी राखलेली पानं धरू नका. शिक्का व्हिसाच्या पानावरच पडतो.

केनियाचा व्हिसा आता नाही. जानेवारी २०२४ पासून त्याच्या जागी ईटीए आहे, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन घ्यायचं प्रवासपत्र. मुलासाठीही वेगळा अर्ज. निदान ३ दिवस आधी करा असं सांगतात; २ आठवडे आधी केलेला बरा, कारण फोटो किंवा मुक्कामाच्या कागदावरून अर्ज परत आला तर दुरुस्तीला वेळ उरतो. आणि पूर्व आफ्रिकेचा एकत्र पर्यटक व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडा यांच्यापुरताच आहे. टांझानिया त्यात येत नाही, त्याचा वेगळा काढावा लागतो.

झांझिबार टांझानियाचाच भाग असला तरी १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना तिथल्या सरकारी विमा महामंडळाची पॉलिसी सक्तीची आहे. तुमचा प्रवास विमा कितीही मोठा असो, तिची जागा घेत नाही. ती ऑनलाइन मिळते. निघण्याआधी घ्या आणि क्यूआर कोड फोनमध्ये उतरवून ठेवा, बंदरावर किंवा विमानतळावर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

विमान बदल. एकाच तिकिटावर असाल आणि सामान थेट शेवटपर्यंत जात असेल तर बहुतेक ठिकाणी विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलता येतं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, म्हणजे त्या देशाचा व्हिसा आलाच. अमेरिकेत तर आतल्या आत विमान बदलायची सोयच नाही. एका तासासाठी उतरलात तरी व्हिसा किंवा एस्टा (काही देशांच्या नागरिकांना व्हिसाऐवजी चालणारी ऑनलाइन परवानगी) हवा.

अर्जाच्या बनावट साइट. शोधात सगळ्यात वर दिसते ती बहुतेक वेळा जाहिरात असते. सरकारी अर्जासारखंच पान, सरकारी बोधचिन्हासारखंच चिन्ह, आणि फी तिप्पट. काही मध्यस्थ अर्ज खरंच भरतात, काही फक्त पासपोर्टची प्रत गोळा करतात. लिंक शोधयंत्रातून न घेता दूतावासाच्या किंवा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या पानावरून घ्या. फुकट असलेल्या गोष्टींना पैसे मागणारेही आहेत: थायलंडचं डिजिटल आगमनपत्र (१ मे २०२५ पासून) आणि सिंगापूरचं आगमनपत्र, दोन्ही विनामूल्य, दोन्ही पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत भरायची.

अर्ज भरताना पासपोर्टवरचं नाव खालच्या दोन यांत्रिक ओळींत जसं छापलंय तसंच भरा. क्रमांकात इंग्रजी ओ अक्षर आणि शून्य यांची अदलाबदल झाली, किंवा दिवस-महिना उलटा पडला, की मंजुरी हातात असूनही ती तुमच्या पासपोर्टची राहत नाही. नवा पासपोर्ट काढला तर जुन्यावरचा एस्टा किंवा ईटीए बाद. तो नव्याने घ्यावा लागतो.

मुलाबरोबर फक्त आई आहे, तर जन्मदाखला आणि वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर असू द्या. पत्रात मार्ग, तारखा, पासपोर्ट क्रमांक आणि वडिलांशी संपर्काचा तपशील हवा. बहुतेक नाक्यांवर विचारत नाहीत. विचारलं तर मात्र दुसरं काहीही चालत नाही.

---

गोळीबंद

आरोग्याचं बोलतो. आधी पीतज्वर, कारण सगळा गोंधळ तिथे आहे.

दोन वेगळे प्रश्न आहेत. आजारापासून संरक्षण म्हणून लस घ्यावी का, आणि सीमेवर दाखला मागतात का. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. केनिया दाखला मागतो तो पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्यांना. तुम्ही अशा देशातून येत नसाल तर नैरोबीत कोणी विचारायचं कारण नाही. पण केनिया स्वतः अशा देशांच्या यादीत आहे. म्हणून केनियातून बाहेर पडलात की पुढचा देश विचारतो. नमांगाला टांझानिया मागणार आणि झांझिबारला पुन्हा मागू शकतात. परतल्यावर तुमचा देशही मागू शकतो. भारत या बाबतीत कडक आहे, दाखला नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. "सक्तीची नाही" आणि "तिच्याशिवाय सोडत नाहीत" ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, फक्त दोन वेगळ्या सीमांबद्दलची.

अदिस अबाबाचं काय? इथिओपियाही यादीत आहे. अनेक देश, टांझानियाही, अशा देशातला विमानतळावरचा थांबा १२ तासांपेक्षा जास्त असेल तरच तो मोजतात. तुमचा थांबा किती आहे बघा. पुढचं विमान चुकलं आणि थांबा १२ तासांच्या वर गेला तर हिशेब बदलतो, हे लक्षात ठेवा.

दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो. मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यायची. पिवळ्या पुस्तिकेवर लशीची तारीख, बॅच क्रमांक, केंद्राचा अधिकृत शिक्का, डॉक्टरांची सही आणि तुमची स्वतःची सही, यातलं एक जरी राहिलं तरी ती नाकारता येते. पुस्तिकेवरचं नाव पासपोर्टशी जुळतंय का, हे केंद्रातून बाहेर पडण्याआधी बघा.

आजोबांसाठी मात्र थांबा. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. घ्यायचीच नाही असं नाही, पण प्रवास-वैद्यकाने प्रकृती आणि मार्ग बघून ठरवायचं. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं असतील तर नाहीच. मुलाची गोवर-गालगुंड-रुबेलाची लस बाकी असेल तर ती आणि ही एकाच दिवशी द्यावी, नाहीतर दोन्हींत ४ आठवड्यांचं अंतर. ७ आठवडे हातात आहेत म्हणून हे बसतं. ३ आठवड्यांवर आलात की बसणार नाही.

बाकीच्या लशी पटकन: हिपॅटायटिस ए आणि इंजेक्शनची टायफॉइड निघण्याआधी किमान २ आठवडे. धनुर्वाताचा डोस कधी झाला ते बघा. रेबीजची पूर्वलस जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने दोन डोसांची, पहिला डोस आणि त्यानंतर ७ दिवसांनी दुसरा. ती घेतली म्हणजे चावल्यावर काही करायला नको असं नाही. पुढचे डोस लागतातच. फायदा एवढाच की इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही, आणि आडगावात मिळत नाही ते नेमकं तेच. मुलं कुत्र्या-माकडांजवळ जातात आणि ओरखडा लपवतात, म्हणून मुलासाठी याचा विचार जरूर करा.

मलेरियाला लशीचं नव्हे, गोळ्यांचं काम. पूर्व आफ्रिकेत क्लोरोक्विन चालत नाही. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याआधी १-२ दिवस सुरू करून परतल्यावर ७ दिवस. डॉक्सिसायक्लिन तशीच सुरू करून परतल्यावर ४ आठवडे. मेफ्लोक्विन किमान २ आठवडे आधी आणि नंतर ४ आठवडे. डॉक्सिसायक्लिन ८ वर्षांखाली देत नाहीत, म्हणजे तुमच्या मुलाला ती बाद. मेफ्लोक्विन मानसिक आजाराचा इतिहास असेल तर नको. राहिली पहिली: वजनावर डोस, रोज ठराविक वेळी, अन्नाबरोबर किंवा दुधाबरोबर, नाहीतर नीट शोषली जात नाही. लोक चूक करतात ती घरी परतल्यावर, डास नाहीत म्हणून गोळ्या सोडतात. परजीवी यकृतातून रक्तात उतरायला वेळ लागतो, शेवटच्या गोळ्या त्यासाठीच असतात.

गोळ्या घेऊनही परतल्यावर ताप आला, अगदी ३ महिन्यांनी आला तरी, डॉक्टरांना पहिलं वाक्य प्रवासाचं सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासा.

---

जुना_ट्रंकवाला

छान माहिती. एक भर: पीतज्वराचं कार्ड १० वर्षं चालतं. आजोबांनी पूर्वी घेतली असेल तर मुदत बघा.

---

गोळीबंद

@जुना_ट्रंकवाला, हा नियम ११ जुलै २०१६ ला बदलला. त्या तारखेपासून दाखला आयुष्यभर ग्राह्य, आणि आधी दिलेल्या कार्डांनाही तेच लागू, वर १० वर्षांची तारीख लिहिलेली असली तरी. जुन्या कार्डावरची ती तारीख खोडू किंवा बदलू मात्र नका. खाडाखोड दिसली की कार्डच बाद करता येतं. नाक्यावर हुज्जत नको असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पानाची प्रत कार्डाला जोडून ठेवा.

आजोबांनी खरंच पूर्वी घेतली असेल तर त्यांचा प्रश्न तिथेच सुटतो. जुनी कागदपत्रं आधी शोधा.

---

बारीक_अक्षर

सुरक्षेच्या सल्ल्यांचं. सरकारांची मतं वेगळी वाटतात कारण मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. अमेरिका चार पायऱ्या वापरते: नेहमीची काळजी, जास्त काळजी, जाण्याचा फेरविचार, जाऊ नका. ऑस्ट्रेलियाच्याही चारच. ब्रिटन पायऱ्या देत नाही. नकाशावर भाग रंगवून "कुठलाही प्रवास नको" किंवा "अत्यावश्यक सोडून नको" असं सांगतं. देशाचा एकच आकडा बघून ठरवू नका, नकाशा बघा. केनियात सोमालियाच्या सीमेलगतचा पट्टा लाल असतो आणि बाकीचा बराचसा देश नसतो. आकडा दोन्हींचा मिळून निघतो. तुमचा प्रत्येक मुक्काम आणि मधला प्रत्येक रस्ता त्या नकाशावर ठेवून बघा.

तारीखही वाचा. पानावर "अद्ययावत" लिहिलेलं असतं, पण बदललेलं वाक्य कोणतं? कधी कधी फक्त व्हिसाचा परिच्छेद बदललेला असतो आणि सुरक्षेचा तसाच जुना.

आता खरी मेख. बहुतेक प्रवास विमे सरकारी सल्ल्याशी बांधलेले असतात. सल्ला "जाऊ नका" असताना त्या भागात गेलात तर तिथे पाय मुरगळला तरी क्लेम नाकारता येतो, कारणाचा युद्धाशी संबंध असो वा नसो. कोणत्या सरकारचा सल्ला धरायचा ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. तुमचं असेल किंवा विमा कंपनीच्या देशाचं. तो शब्द शोधा. म्हणजे कोणाचं ऐकायचं याचं निम्मं उत्तर पॉलिसीतच आहे.

पॉलिसीत आणखी बघायचं:

आजोबांचा रक्तदाब आणि गुडघा "आधीपासूनचे आजार" म्हणून लेखी जाहीर केलेत का. हे लपवलं तर दुसऱ्याच आजाराच्या क्लेमलाही अडवणूक होते.

वैद्यकीय स्थलांतर, म्हणजे अभयारण्यातून शहरातल्या रुग्णालयात विमानाने नेण्याचा खर्च, वेगळ्या ओळीत आहे का. रुग्णालयाच्या खर्चात तो धरलेला नसतो.

दुचाकी. झांझिबारला स्कूटर भाड्याने मिळते. चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा परवाना नसेल तर विमा हात वर करतो. परदेशात प्रवाशांना सगळ्यात मोठा धोका रस्त्याचाच. रात्रीचा रस्ता टाळा. नमांगा ओलांडायचा दिवस असा आखा की मुक्कामाला अंधाराआधी पोहोचाल.

आपल्या दूतावासाच्या प्रवासी नोंदणीत नाव घाला, पाच मिनिटांचं काम आहे. पासपोर्ट, दाखले आणि पॉलिसीच्या प्रती एक कागदावर, एक फोनमध्ये नेटशिवाय उघडेल अशी, आणि एक घरच्यांकडे.

बॅगेतलंही एकदा बघा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. कपडे गुंडाळलेल्या पिशव्या बॅगेतच राहतात.

---

आडवाटेने

थोडं विषयांतर. युरोपात शेंजेनला (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) ९० दिवस म्हणजे ३ महिने, मग एक दिवस बाहेर जाऊन परत आलं की नवे ९० सुरू, बरोबर ना?

---

शिक्कामोर्तब

नाही, आणि यातच लोक अडकतात. नियम असा: कोणत्याही दिवशी मागे वळून १८० दिवस मोजा, त्यात शेंजेनमधले दिवस ९० च्या वर नकोत. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरतात. १ मार्चला आलात आणि २९ मेला निघालात तर ९० झाले. पुन्हा पाय ठेवता येईल तो २८ ऑगस्टला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे पुसट शिक्क्याच्या आधाराने सुटायचे दिवस गेले.

शिवाय पासपोर्ट प्रवेशाच्या दिवशी १० वर्षांपेक्षा जुना नको आणि निघण्यानंतर ३ महिने मुदत हवी. जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात जोडून मिळालेले असतील तर पहिली अट मोडू शकते, मुदत शिल्लक दिसत असूनही. आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर पॅरिसहून दोन दिवस लंडनला गेलात की तो संपला. पॅरिसला परत येता येत नाही.

---

खिडकीची_सीट

सगळ्यांचे आभार. आजोबांचं जुनं कार्ड नाही, लस पूर्वी घेतलेली नाही. डॉक्टरांनी नको म्हटलं तर टांझानिया सोडायचा का? आणि दुबईसाठी ट्रामाडॉलचं काय करायचं?

---

गोळीबंद

डॉक्टरांनी नको म्हटलं तर त्याच पिवळ्या पुस्तिकेत लस न देण्याच्या वैद्यकीय कारणाचं पान असतं. ते भरून, सही-शिक्क्यासह, आणि सोबत डॉक्टरांच्या लेटरहेडवर कारणाचं पत्र. पण हे पत्र मानायचं की नाही हा पुढच्या देशाचा अधिकार आहे. म्हणून निघण्याआधी टांझानियाच्या दूतावासाला आणि आपल्या विमानतळ आरोग्य खात्याला लेखी विचारा. कागद मान्य झाला तरी अंगात संरक्षण नाही ते नाहीच. मग लांब बाह्या, २०-३० टक्के डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम (सनस्क्रीन आधी, डीट वर), आणि पीतज्वराचा धोका असलेले भाग मार्गातून काढून टाकणं. नमांगाला हे पत्र दाखवायची वेळच नको असेल तर आखणी उलटी करता येते: आधी टांझानिया-झांझिबार, शेवटी केनिया. मग नमांगाचा प्रश्न मिटतो, मात्र अदिस अबाबाचा थांबा १२ तासांच्या आत हवा आणि परतीच्या देशाचा प्रश्न तसाच राहतो.

ट्रामाडॉल: संयुक्त अरब अमिरातीत ते नियंत्रित औषध आहे, कोडीनही. दोन दिवस शहरात राहणार म्हणजे कस्टम्स ओलांडणार, तेव्हा तिथल्या सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. डॉक्टरांचं पत्र एवढ्याने भागत नाही. रोज लागत नाही म्हणता, तर डॉक्टरांना विचारून नियंत्रित नसलेलं वेदनाशामक घ्या आणि ट्रामाडॉल घरीच ठेवा. आधीच्या प्रवासातली सुटी पाकिटं बॅगेच्या कप्प्यात राहिलेली असतात, तेही बघा.

रक्तदाबाच्या गोळ्या मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत, प्रवासाचे दिवस अधिक निदान आठवडाभराच्या जास्त. चिठ्ठीवर ब्रँडचं नव्हे, औषधाचं मूळ नाव आणि डोस, पासपोर्टप्रमाणे नाव लिहिलेलं.

---

शिक्कामोर्तब

आखणी उलटी केलीत तर ईटीए, टांझानियाचा व्हिसा आणि झांझिबारची पॉलिसी, तिन्हींवरच्या तारखा नव्या क्रमाने भरा आणि व्हिसावर प्रवेशाचं ठिकाण लिहिलेलं असेल तर तेही बदला. आणि निघण्याआधी ७२ तासांवर आलात की त्या सहाही ओळी टिमॅटिकमध्ये पुन्हा एकदा चालवून बघा, पानाची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून.